वडकीला पिशवी पालथी करा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा पुणे-सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास, आणि बहुतेक वर्षी तो नेमका योगिनी एकादशीला येतो. उपास, उन्हा-पावसातली चाल आणि शेवटी दिवे घाट. मन काय मागतं आणि का मागतं हे बघायचं असेल, तर मी वारीतला हाच दिवस निवडेन.

हडपसरच्या पुढेपर्यंत दुतर्फा वाटप चालू असतं: राजगिऱ्याचे लाडू, केळी, खिचडी, रेनकोट. भूक नसते, पण पुढच्या वारकरी माउलींनी हात पुढे केला की आपलाही जातो. अंगावर रेनकोट असलेला माणूस दुसऱ्यासाठी रांगेत उभा राहतो. फुकट मिळतं हे कारण खरंच, पण सगळे घेतायत हे त्याहून मोठं.

काही मागण्या मात्र शरीराच्या असतात, आणि त्या नाव बदलून येतात. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की येणारा थकवा कधी कधी भुकेसारखा वाटू शकतो. म्हणून आधी दोन पेले पाणी, त्यात चिमूटभर सैंधव आणि साखर. चपला काढून दहा मिनिटं बसायचं. तरी भूक राहिली तर ती खरी, आणि तिला अर्धा द्रोण खिचडी पुरते. गच्च द्रोण, त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि लगेच समोर चढ: अर्ध्या घाटात छातीत जळजळ ठरलेली.

मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. खांद्यावर 2 किलोपेक्षा जास्त नको. घाटाआधी वडकीच्या विसाव्याला पिशवी पालथी करावी. सकाळी घेतलेल्या लाडवांचा चुरा, तीन बाटल्या, न वापरलेली टोपी. पट्टा खांद्यात रुततो तो यांच्यामुळे. पाण्याची एक बाटली, पंचा, प्लास्टिकचा कागद आणि फोडांसाठी पट्टी ठेवून बाकीचं वाटून टाकायचं.

संध्याकाळी पालखीच्या तळावर सगळ्या दिंड्यांची एकत्र समाजआरती होते, तिच्याआधी सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. फक्त तक्रार असलेली दिंडी वाजवत राहते. काय हवं हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय हजारो माणसांच्या शांततेत टाळ वाजवायचं धाडस होत नाही. मग दिवसभरात सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात.

पंढरपुरात दर्शनाची रांग तासन् तास सरकत नाही. कित्येक जुने वारकरी तिच्यात उभेच राहत नाहीत; चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, कळसाला हात जोडतात आणि गाडी पकडतात.