बटण कोण दाबलं?

तीन वेळा अलार्म बंद करून झोपलो. उठल्यावर आईला म्हणालो, "पहाटे उठायची शक्ती दे म्हणून रोज प्रार्थना करतोय, काही होईना."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तीनदा उठवला की रे त्यानं तुला. बटण कोण दाबलं?"

टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकलो तरी तेच डोक्यात.

बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्रात (2:12-13) प्रेषित पौल दोन्ही एका दमात सांगतो: आपलं तारण, म्हणजे उद्धार, साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती तुमच्यात देवच घडवतो. मी दुसरा अर्धाच धरून बसतो. सोयीचा पडतो ना!

आईच्या बायबलात खूण म्हणून खानापूर बसचं जुनं तिकीट. रोज पुढे सरकतं. माझ्या बायबलाची रिबीन नाताळपासून लूकच्या शुभवर्तमानातच.

आज फोन स्वयंपाकघरात ठेवलाय. ही पण प्रार्थनाच म्हणायची का?