कृत्रिम पाणथळ आणि कारखान्याचे सांडपाणी
कृत्रिम पाणथळीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी खडी भरून पाणवनस्पती लावलेल्या उथळ हौदात, वनस्पतीच सांडपाणी शुद्ध करतात, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या मते मोठे श्रेय खडीवर आणि मुळांवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराला द्यायला हवे. पाणकणीस ही पाणवनस्पती आपल्या सच्छिद्र देठांतून मुळांपर्यंत हवा पोहोचवते, त्यामुळे मुळालगत अमोनियाचे नायट्रेट होते आणि तिथून जवळच, प्राणवायू नसलेल्या भागात, त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. जस्त, शिसे यांसारखे धातू मात्र नाहीसे होत नाहीत. ते बव्हंशी सल्फाइडच्या (गंधकाशी झालेल्या संयुगाच्या) रूपात गाळातच साठतात, आणि कारखानदाराने हे कधीही नजरेआड करू नये. तेल व तरंगता गाळ आधीच काढला नाही, तर खडीतील पोकळ्या बुजतात आणि पाणी प्रक्रियेविना वरूनच वाहू लागते.