मागितल्याशिवाय घास नाही

परवा दुपारी रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून शेजारच्या सूनबाई दिसल्या. हातात वरणभाताची वाटी होती आणि पुढे चिरंजीव दुडदुडत होते. काऊचा घास झाला, चिऊचा झाला, मोराचाही झाला, तरी तोंड काही उघडले नाही. या यादीत समुद्रावरच्या कुरवाचे नाव कधी येत नाही. इंदूरला समुद्र नाही म्हणून असेल, किंवा कुरवांच्या घरची रीत आपल्या आयांना मानवणारी नाही म्हणून असेल.

युरोपातील हेरिंग गल नावाच्या कुरवाच्या पिवळ्या चोचीवर, खालच्या बाजूस, एक लाल ठिपका असतो. पिल्लाने त्यावर टोच मारली की आई किंवा बाप गिळून आणलेले अन्न ओकून त्याच्यापुढे ठेवतात. १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी निको टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची डोकी करून पिल्लांपुढे धरली, तेव्हा बिनठिपक्याच्या चोचीला टोचा कमी मिळाल्या आणि पांढरे पट्टे असलेल्या एका बारीक लाल काडीला मात्र हुबेहूब डोक्यापेक्षाही जास्त. भुकेला आईचा चेहरा लागत नाही, हे वाचून मला जरा वाईटच वाटले होते.

आमच्या लहानपणी ठिपका शोधण्याची वेळच येत नसे. आमरस पुरे म्हणून ताटावर आडवा हात धरला, तर आजी बोटांच्या फटीतून वाढत असे. 'नको' म्हणणारा मुलगा लाजतो आहे, यावर तिची अढळ श्रद्धा होती. मला आग्रहाचा तिटकारा आहे तो तेव्हापासून, आणि ताटात काही टाकवत नाही तेही तेव्हापासूनच.

आजीला तोड एकच, वेल्सच्या स्कोमर बेटावर बिळात घरटे करणारे मँक्स शीअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी. मोठे कुरव दिवसा यांना मारून खातात, म्हणून हे आईबाप रात्रीच्या अंधारातच समुद्रावरून परततात आणि आपल्या एकुलत्या एका पिल्लाला इतके भरवतात की ते त्यांच्याहूनही जड होते. मग खेपा कमी होतात आणि अखेरीस थांबतात. पिल्लू काही दिवस अंगच्या चरबीवर काढते आणि एका रात्री बिळातून निघून, वाट दाखवायला कोणी नसताना, थेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे उडते.

आजीने असे वाढणे थांबवले असते, तर मी फार तर इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारापर्यंत, सराफ्यापर्यंत गेलो असतो.