तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यालाच काही कळत नाही, मग निर्णय त्याच्यावर कसा सोडू?’

शाळेत समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला १९ वर्षं झाली. आई-वडिलांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतो. गेल्या वर्षी त्याला चित्रकार व्हायचं होतं, यंदा रंग कपाटात गेलेत आणि पलंगावर गिटार आलीय. जिवलग मित्र बदललेत, केस बदललेत, हसण्याची ढबसुद्धा बदललीय. ‘त्यालाच धड काही कळत नाही, मग निर्णय त्याच्यावर कसा सोडू?’

कळावं म्हणूनच सोडायचा, असं माझं उत्तर आहे. पण पोटचं पोर असलं की एवढ्यावर समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या वयाच्या मुलांच्या वहीचं शेवटचं पान कधी पाहिलंयत? त्यांनी आपणहून दाखवलं तरच बघायचं, एवढं मात्र पाळा. एका नववीतल्या मुलीने मला असं एक पान दाखवलं होतं. पानभर सह्या. कुठे नुसतं पहिलं नाव, कुठे आडनावासकट, कुठे फक्त आद्याक्षरं. एक सही उजवीकडे झुकलेली, एकीखाली लांबलचक रेघ, एक इतकी गिचमिड की तिलाही वाचता येईना. ‘यातली खरी कुठली?’ मी विचारलं. ‘अजून ठरायचंय,’ ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली. त्यात तिला कसलीही अडचण वाटत नव्हती.

ते पान आठवलं की मला एरिक एरिक्सन आठवतो. ‘मी कोण?’ हा प्रश्न किशोरवयाच्या मध्यभागी असतो, अशी मांडणी या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली केली. जन्मदाता बाप त्याला कधीच कळला नाही. सावत्र वडिलांचं आडनाव लावून तो वाढला आणि १९३९मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतः घेतलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. आपण मात्र पंधराव्या वर्षी ‘एकदाचं काय ते ठरव’ म्हणून मुलाच्या मागे लागतो.

पुढे १९६६मध्ये जेम्स मार्शियाने एरिक्सनची मांडणी तपासून बघितली. तरुण मुलांना प्रश्न विचारताना तो दोन गोष्टी शोधत होता: या मुलाने वेगवेगळ्या वाटा चाचपून बघितल्यात का, आणि कशाला तरी मनापासून बांधून घेतलंय का. त्यातून चार अवस्था निघाल्या. त्यातल्या दोनच इथे सांगते, कारण माझ्या खोलीत जास्त करून त्याच येतात. एक, शोध जोरात चाललाय पण ठरलेलं काहीच नाही. तुमचा गिटारवाला यात मोडतो. दुसरी, सगळं ठरलेलं आहे पण शोधलेलं काहीच नाही. मोठ्यांनी हातात दिलं ते मुलाने जसंच्या तसं घेतलंय. पहिल्या मुलाची आई रडकुंडीला आलेली असते. दुसऱ्याचं सगळे कौतुक करतात. काळजी मला दुसऱ्याची वाटते.

असाच एक सोळा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. माझ्याकडे दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, एक खिडकीशी, एक दाराशी. ‘बस कुठेही,’ मी म्हटलं. तो आईकडे बघत उभा राहिला. आईने मानेने खिडकीकडे खूण केली, मग तो बसला. त्याला उत्तम मार्क होते, कुणाशी भांडण नव्हतं, झोप मात्र उडाली होती. कुठे शिकायला जायचं, याचा अर्ज पुढ्यात आला होता आणि त्यावर काय लिहायचं हे आयुष्यात पहिल्यांदाच घरच्यांनी त्याला विचारलं होतं. आईने अगदी प्रेमाने विचारलं होतं. पण साधं कुठे बसायचं हे न ठरवलेल्या मुलासमोर एकदम हे आलं होतं.

म्हणून म्हणते, लहान निर्णयांपासून सुरुवात करा, आणि लवकर करा. कपडे, केस, खोली, छंद, सुट्टीचा दिवस कसा घालवायचा. ज्युडिथ स्मेटाना या संशोधिकेने घरातल्या अशा कुरबुरींचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. खोली आवरणं ही आईच्या लेखी घराची शिस्त असते आणि मुलीच्या लेखी तिची खासगी बाब. दोघी एकाच पसाऱ्याबद्दल बोलतात, पण भांडण मुळात हा पसारा कुणाच्या अखत्यारीत येतो यावर असतं. दुसऱ्याला इजा होणं, जिवाला धोका असणं, नशा, वाहनाचा वेग, इथे आई-वडिलांनी ठाम ‘नाही’ म्हणायलाच हवं. मुलंही ते बऱ्याच अंशी मान्य करतात. केसांवरून तीच ताकद खर्च केलीत, तर खऱ्या ‘नाही’ला वजन राहत नाही.

‘पण त्यांचा मेंदूच अजून तयार नसतो ना?’ हेही विचारलं जातं. आवेग आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, हे खरं. पण निवांत वेळ असेल, नीट माहिती असेल, तर सोळा वर्षांचं मूल जवळपास मोठ्यांसारखाच विचार करू शकतं. गडबड होते ती भावना उसळलेल्या असताना आणि बरोबरीचे बघत असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये गाडी चालवण्याचा एक खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना खेळायला दिला. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. तेव्हा मोठा निर्णय असेल तर मुलाला दोन रात्री द्या. मित्रांसमोर किंवा भांडणाच्या भरात त्याच्याकडून उत्तर वदवून घेऊ नका.

आणि त्याचा फोन तपासू नका, एवढं कळकळीने सांगते. स्वीडनमध्ये हॉकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मूल कुठे जातं, काय करतं, हे आई-वडिलांना कळतं ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून, असं त्यात दिसलं. पाळत ठेवून मिळणारं त्या मानाने थोडंच. मग त्याने सांगत राहावं असं घर कसं ठेवायचं, तिकडे सगळी शक्ती लावायला हवी. गिटार सोडली म्हणून सांगायला आला, तर ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य गिळून टाका. ‘सोडावीशी कधीपासून वाटत होती?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. त्याला बोलायला वेळ लागेल. लागू दे.

खिडकीशी बसलेला तो मुलगा नंतर पाच-सहा वेळा आला, एकटाच. शेवटच्या वेळी तो आत आला, दोन्ही खुर्च्यांकडे त्याने बघितलं, दाराजवळची उचलली आणि भिंतीपाशी नेऊन ठेवली. ‘इथे चालेल?’ त्याने विचारलं. मी काही बोलायच्या आतच तो बसला होता.