सेंद्रिय कर्ब वाढला, तरी घेवडा पिवळा

माती परीक्षण प्रयोगशाळेत येणाऱ्या कितीतरी नमुन्यांच्या अहवालावर ‘सेंद्रिय कर्ब कमी’ (म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बन कमी) हा शेरा लिहून हात दुखतो. त्यामुळे एका वयस्कर शेतकऱ्याने आणलेल्या दोन नमुन्यांपैकी एकाचा कर्ब दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला, तेव्हा मला आनंदच झाला. पण घेवड्याची रोपे पिवळी पडून खुरटली होती, ती नेमकी याच मातीत. तिथे गेली काही वर्षे शहरी कचऱ्याचे कंपोस्ट पडत होते. शेजारच्या तुकड्यात ते कधीच पडले नव्हते.

सामूत, म्हणजे आम्ल-विम्लता दाखवणाऱ्या पीएचमध्ये, फारसा फरक नव्हता, मातीतले क्षार दाखवणारी विद्युत वाहकता मात्र चांगलीच चढली होती. खरकट्यातले मीठ खतात उतरते आणि घेवडा क्षारांच्या बाबतीत फार नाजूक: संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता मीटरला १ डेसीसायमनच्या वर गेली की त्याचे उत्पादन घटू लागते, बार्ली ८ पर्यंत तग धरते. खुरटण्याचे कारण मिळाले. पिवळेपणाचे मिळेना, म्हणून मी उरलेले कंपोस्ट मागवले. पोते उघडताच आंबूस वास आला. कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण २० च्या आत हवे, ते ३० च्याही पुढे होते. असे अर्धकच्चे खत कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र उचलतात, आणि घेवडा शेंगवर्गीय असला तरी मुळांवर गाठी धरेपर्यंत त्याची भिस्त त्याच नत्रावर असते.

मला खरी काळजी वाटली ती जस्ताची. डीटीपीएच्या, म्हणजे पिकाला मिळू शकणारे धातू मातीतून सोडवून घेणाऱ्या रसायनाच्या, द्रावणात दोन तास हलवून काढलेल्या अर्कात ते शेजारच्या मातीच्या कितीतरी पट निघाले. बॅटऱ्या, टायरची झीज आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे तुकडे ओल्या कचऱ्यात मिसळले की हेच होते. पिकाला अजून त्याची बाधा नव्हती, कारण सामू चढा होता आणि सेंद्रिय पदार्थाने बरेच जस्त धरून ठेवले होते. परंतु सेंद्रिय पदार्थ झिजतो, निचरा चांगला असेल तर क्षारही पाण्याबरोबर खाली जातात. जस्त आणि शिसे मात्र वरच्या थरातच साचत राहतात, आणि अमोनियमयुक्त खतांनी सामू उतरला की जस्त पुन्हा मोकळे होऊ लागते.

“मॅडम, मग कंपोस्ट बंदच करू का?” काकांनी विचारले. उगमापाशीच वर्गीकरण केलेल्या ओल्या कचऱ्याचे, पूर्ण मुरलेले कंपोस्ट खुशाल वापरा, असे मी सांगितले, आणि पुढची गाडी शेतात उतरवण्यापूर्वी तिचा नमुना जड धातूंच्या तपासणीसाठी पाठवावा, असे अहवालात लिहून दिले.