अख्खा वर्ग १ जूनला जन्मलेला

२०२३ चा नोव्हेंबर, दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी जातीच्या नोंदी शोधायचं काम सगळ्या शाळांना लागलेलं, १९६७ च्या आधीची जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या पोरांच्या नोंदवह्या, पानन् पान बघायची. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरात माझी एकशिक्षकी शाळा, पट अकरा, आणि जुनी रजिस्टरं होती शेजारच्या जुन्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत. त्या खोलीचा निर्लेखनाचा, म्हणजे मोडीत काढून पाडायचा, प्रस्ताव मीच पाठवलेला, म्हणून तिकडं फारसं कोण फिरकत नव्हतं.

मातीत बांधलेल्या दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि समोरासमोर दोन भिंतींवर दोन फळे, म्हणजे पहिली-दुसरीने इकडं तोंड करायचं, तिसरी-चौथीने तिकडं, गुरुजी मधे. एका खोलीत चार वर्ग बसवायची ही आयडिया मला आजच्या ट्रेनिंगांपेक्षा भारी वाटली, खरं सांगतो.

पेटीला वाळवी लागलेली पण रजिस्टरं वाचली होती. स्वातंत्र्याआधीची पानं मोडी लिपीत, मला मोडी येत नाही, फोटो काढून मोडी वाचणाऱ्यांसाठी तालुक्याला पाठवले. पुढची देवनागरीत, टाकाने लिहिलेली, कव्हरवर आधी स्कूल बोर्ड आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर ते खोडून वर नवा शिक्का. जन्मतारखेच्या रकान्यात खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. घरी तारीख कुणालाच माहीत नसायची, शाळा जूनात भरायची, गुरुजींनी लिहून टाकलं. १९६७ च्या पुढचं बघायची गरज नव्हती, तरी पानं उलटत गेलो; १९७२ च्या पानावर शाळा सोडल्याचं कारण ओळीने सात पोरांचं एकच: 'पालक दुष्काळी कामावर'. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो, आधीच्या पानांवरचा जातीचा रकाना बघायचं काम तसंच राहिलं.

दुपारी गावातली एक आज्जी दारात आली. "गुर्जी, माजं नाव हाय का बगा की."

सापडलं. जन्म १ जून १९५०, तिसरीतून नाव कमी, कारण 'धाकटा भाऊ सांभाळणे'. मी वाचून दाखवलं तशी आज्जी तटकन म्हणाली, "भाऊ कुटला? भन हुती ती. गुर्जींनी चुकीचं लिवलंय, दुरुस्त करा."

म्हटलं, आज्जी, जनरल रजिस्टरात मला खाडाखोड करता येत नाही, वरनं मंजुरी लागते.

"मग तिला काय सांगू?" म्हणाली, आणि पदराने त्या पानावरची वाळवीची माती झाडायला लागली.