कुंपणावरचे काळे ठिपके

ज्या गृहस्थांनी मला बोलावले, त्यांच्या दृष्टीने काम सरळ होते. शेजारच्या बाईंनी आपल्या शेडच्या छपराला डांबर लावून घेतले, त्याचे शिंतोडे यांच्या पांढऱ्या पीव्हीसी कुंपणावर उडाले, ते मी काढून द्यायचे आणि ते डांबरच होते असे लिहूनही द्यायचे. पहिली मागणी माझ्या व्यवसायातली होती. दुसरीमुळे मात्र मी सावध झाले. शेजारच्या बाईंना एक तक्रारपत्र आधीच गेले होते आणि त्या दोन घरांमधले बोलणे बंद झाले होते, हे मला पहिल्याच भेटीत कळले.

कुंपणाच्या ज्या बाजूला त्यांची बाग होती, तिकडे शेकडो काळे ठिपके होते. टाचणीच्या डोक्याएवढे, किंचित फुगीर, कडक आणि चकचकीत. दोन पावलांवरून पाहणाऱ्या कोणालाही ते डांबरच वाटले असते. माझ्याआधी येऊन गेलेल्या सफाईवाल्यालाही तसेच वाटले असावे, कारण फाटकाजवळची दोन पॅनेले त्याने थिनरने घासली होती. ती दोन पॅनेले आठवली की मला आजही राग येतो. ठिपके पसरून तपकिरी ओघळ झाले होते, फळ्यांची चमक गेली होती, आणि बोट फिरवले तर पृष्ठभाग बारीक खरखरीत लागत होता.

पीव्हीसीच्या कुंपणाला काहीच देखभाल लागत नाही, असे विकणारे सांगतात. त्यात खरे एवढेच की त्याला वाळवी लागत नाही, ते कुजत नाही आणि त्याला रंग द्यावा लागत नाही. पण लाकडाची फळी खराब झाली तर ती तासता येते, पुन्हा रंगवता येते. पीव्हीसीची फळी आतून पोकळ असते, तिची भिंत काही मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे सगळे सौंदर्य व बरेचसे आयुष्य वरच्या गुळगुळीत थरात असते. त्या थरात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. पांढरेपणा त्याच्यामुळे येतोच, शिवाय उन्हातले अतिनील किरण शोषून घेण्याचे कामही तेच करते; ते संरक्षण नसेल तर पीव्हीसीच्या रेणूंच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो आणि फळी पिवळी, पुढे तपकिरी पडत जाते. थिनरमधील आणि नखांचा रंग काढायच्या द्रावणातील अ‍ॅसिटोनसारखे विद्रावक हा पृष्ठभाग मऊ करतात. त्याच कुळातले विद्रावक पीव्हीसीच्या पाइपांना जोडणाऱ्या सोल्युशनमध्ये असतात; ते पाइप विरघळवूनच चिकटवते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या कुंपणाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तारेच्या घासणीबद्दलही तेच. तिच्या चऱ्यांत पुढची धूळ बसते आणि कुंपण दर वेळी आधीपेक्षा लवकर मळते.

मी आधी संपूर्ण कुंपण नुसते धुऊन घेतले. यात बाहेरच्या माणसाला न सुचणाऱ्या दोनच गोष्टी आहेत. पहिली, फडके लावण्यापूर्वी साध्या पाण्याने सगळी धूळ वाहून जाऊ द्यायची, नाहीतर तीच धूळ फडक्याखाली पॉलिश पेपरचे काम करते. दुसरी, साबणाचे पाणी खालून वर लावत जायचे आणि धुताना वरून खाली यायचे, कारण कोरड्या, मळक्या फळीवरून साबण ओघळला तर त्याच्या रेघा राहतात. शेजारच्या बाजूला सावली असल्यामुळे हिरवट शेवाळ होते. ३ भाग पांढरे व्हिनेगर आणि ७ भाग पाणी लावून काही मिनिटे थांबल्यावर ते मऊ ब्रशने निघाले. व्हिनेगर लावलेल्या जागी ब्लीच कधीही वापरायचे नाही, कारण त्या दोहोंतून विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे मी प्रत्येक घरी बजावून सांगते आणि तरीही दोन्हींच्या बाटल्या एकाच बादलीत ठेवलेल्या मला नेहमी दिसतात.

धुऊन झाल्यावर कुंपण स्वच्छ दिसू लागले आणि ठिपके अधिकच उठून दिसले. मग मी ते काढण्याच्या खटपटीत न पडता ते कुठे आहेत आणि कुठे नाहीत, एवढेच पाहत फिरले. गुडघ्यापासून कमरेपर्यंत दाटी होती, वर जावे तसे ते विरळ होत होते आणि अगदी वरच्या पट्टीवर क्वचितच एखादा होता. वरून उडालेले शिंतोडे असे पडत नाहीत. फळ्यांना टेकून एक मोठी कुंडी ठेवलेली होती. ती सरकवली तर तिच्या मागे तिच्याच आकाराचा स्वच्छ भाग निघाला. त्यानंतर मी गुडघे टेकून मधल्या आडव्या पट्टीखाली आरसा धरला. त्या पट्टीची वरची बाजू, जिथे आकाशातून पडणारी कोणतीही गोष्ट साठावी, ती जवळजवळ कोरी होती, आणि जमिनीकडे तोंड असलेली खालची बाजू ठिपक्यांनी भरली होती. जे काही आले होते ते खालून आले होते, आणि तेही या बाजूच्या बागेतून.

खात्रीसाठी मी कापसाचा बोळा खाद्यतेलात भिजवून एका ठिपक्यावर बराच वेळ दाबून धरला. डांबर तेलात सुटते आणि कापसावर तपकिरी छटा उतरते. इथे कापूस जसाच्या तसा राहिला.

कुंपणाच्या पायथ्याशी, संपूर्ण लांबीभर, लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन पसरलेले होते. ओल टिकावी आणि तण उगवू नये म्हणून बागवाले ते घालतात आणि कुंपणाला भिडवून ढीग लावून मोकळे होतात. त्याच्या शेजारी काय उभे आहे याचा विचार करताना मी अजून कोणाला पाहिलेले नाही. वरच्या कोरड्या ढलप्या बाजूला करून मी खालच्या ओलसर, कुजू लागलेल्या ढलप्या भिंगाखाली धरल्या. त्यांवर फिकट नारिंगी रंगाचे, दोन-तीन मिलिमीटरचे बारीक पेले उगवले होते. काही मिटलेले होते, काही चांदणीसारखे उमललेले, आणि उमललेल्या प्रत्येक पेल्यात द्रवात बसलेली एक काळसर गोळी होती.

ही स्फेरोबोलस नावाची बुरशी. कुजत्या लाकडावर आणि गवत खाणाऱ्या जनावरांच्या शेणावर ती वाढते. पेला उमलला की त्याच्या आतल्या थरातील पेशींमध्ये साखर वाढते, पाणी ओढले जाते, ताण चढत जातो आणि एका क्षणी आतले पटल उलटे होऊन बाहेर फुगते. त्या झटक्याने बीजाणूंनी भरलेली गोळी ५ मीटरांपेक्षाही अधिक दूर जाऊ शकते. ती नेम धरते उजेडाच्या दिशेने, आणि बागेत पांढऱ्या कुंपणाइतके उजळ दुसरे काय असते? तिच्या चिकटपणालाही कारण आहे. गोळी गवताच्या पात्याला चिकटावी, जनावराने ते पाते खावे आणि शेणातून बुरशी पुन्हा उगवावी, अशी ती योजना आहे. पाऊस-वाऱ्यात पात्यावर टिकून राहण्यासाठी घडलेली ती पकड पीव्हीसीच्या फळीवर तितकीच घट्ट बसते. खोलीच्या तापमानाला वाळवून ठेवलेले हे बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पीव्हीसी त्यांचे खाद्य नाही, त्यामुळे कुंपण आतून पोखरले जात नाही. नुकसान सगळे दिसण्याचे असते.

हे सगळे मी त्या गृहस्थांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुम्ही त्यांना ओळखता का?” मला वाईट वाटले, पण माणसाने आपले म्हणणे कागदावर उतरवून पाठवलेले असले की ते मागे घेणे त्याला किती जड जाते, हेही समजत होते. मी वाद घातला नाही. ओल्या ढलप्यांचा एक तुकडा पारदर्शक डब्यात ठेवला, झाकण लावले, डब्याच्या तीन बाजूंना काळा कागद गुंडाळला आणि उघडी बाजू उजेडाकडे करून तो त्यांच्याच खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा डबा त्यांच्या हातात होता. उजेडाच्या बाजूच्या आतल्या भिंतीवर चार काळे ठिपके होते, कुंपणावरच्यांसारखेच. ते बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला घराच्या भिंतीवरचा पावसाच्या पाण्याचा पांढरा पाइप दाखवला. तिथेही तेच ठिपके होते, शेजारच्या शेडपासून दूर, घराच्या पलीकडच्या अंगाला. “हे मी पाहिले होते,” ते म्हणाले, “पण याचा विचार केला नव्हता.”

ठिपके काढण्याचे काम अत्यंत चिकाटीचे आहे. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेले फडके फळीवर चिकटवून ठेवायचे, गोळी फुगून जरा मऊ झाली की प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीची कड जवळजवळ आडवी धरून तिच्याखाली सरकवायची आणि एकेक ठिपका उचलायचा. धातूची पाती वापरायची नाही, पट्टी उभी धरायची नाही. ताजा ठिपका अखंड सुटून येतो आणि खाली फिकट वलय राहते. जुना असेल तर गोळी निघते, पण तपकिरी डाग फळीतच राहतो. तो घालवायला ज्या ताकदीची वस्तू लागेल, ती फळीचा थरही घेऊन जाईल, म्हणून तिथे मी थांबते. मेलामाइनचा पांढरा स्पंज काही वलये फिकी करतो, पण तोही अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे, आणि मी तो डोळ्यांसमोरच्या मोजक्या जागीच, हलक्या हाताने वापरते. कुंपण त्यामुळे खूपच बरे दिसू लागले. नवे मात्र झाले नाही, आणि होणार नव्हते.

त्यांनी ढलप्या पूर्ण काढून तिथे गोटे पसरले. गोट्यांवर ही बुरशी वाढत नाही, त्यामुळे उपाय योग्य होता. त्यानंतर त्यांनी मला जे सुचवले, त्याचा विचार मी अजून करते आहे.

त्यांच्या लक्षात आले होते की या फळ्या दोन्ही बाजूंनी सारख्याच असतात. शेजारच्या बाजूचे शेवाळ धुतल्यावर तो पृष्ठभाग नव्यासारखा निघाला होता. मग फळ्या उलट्या बसवल्या, तर स्वच्छ बाजू त्यांच्या बागेकडे येईल. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे अचूक होते. वरच्या पट्टीची टोके खांबाच्या खाचेत नुसती अडकवलेली असतात, डकवलेली नसतात, कारण पीव्हीसी उष्णतेने बरेच प्रसरण पावते. सुमारे २.४ मीटरची पट्टी तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ६ मिलिमीटरच्या आसपास लांबते, आणि तेवढी जागा खाचेत सोडलेली असते. सकाळच्या गारव्यात पट्ट्या आखडलेल्या असताना वरची पट्टी काढायची, एकात एक गुंतलेल्या फळ्या वर खेचून घ्यायच्या आणि फिरवून पुन्हा सोडायच्या. मोडतोड नाही, नवा माल नाही. असे काम मी केलेले आहे आणि एरवी मी स्वतःच ते सुचवले असते.

पण फळ्या फिरवल्या की ते तपकिरी डाग, आणि थिनरने खराब झालेली ती दोन पॅनेलेही, शेजारच्या बाईंच्या अंगणाकडे जाणार. ज्या डागांचा आळ त्यांच्यावर आला, जे त्यांच्या डांबराचे नव्हतेच, तेच डाग त्यांनी रोज पाहायचे. कुंपण त्या गृहस्थांच्या हद्दीत आहे, खर्च त्यांनी केला आहे, आणि कोणत्या बाजूची फळी कुठे असावी हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही मी म्हणाले, “बाईंना विचारून या, मग मी करते.” त्यांना ते आवडले नाही. “तुम्हाला माझे काम करायचे आहे की त्यांचे?” असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या जागी मीही कदाचित तेच विचारले असते.

डागांचे कारण मात्र मी लिहून दिले: बुरशीचे नाव, पट्टीखालचे ठिपके, तेलाची चाचणी, डबा, सगळे. त्याची एक प्रत शेजारी द्यावी असे मी सुचवले. ती दिली गेली की नाही, मला माहीत नाही. फळ्या अद्याप होत्या तशाच आहेत. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून त्या फिरवून घेतल्या तर मला त्यांना दोष देता येणार नाही, आणि बाईंना न विचारता ते पुन्हा माझ्याकडे आले, तर मी काय उत्तर द्यावे हे मी ठरवू शकलेले नाही.